सोंड असलेला हत्ती

ऐका ना, डबा उघडलाच आहे तर खा, पण त्या लाल बिस्किटाला हात लावू नका. एकच उरलंय. सलोनी, तू ते मगाशीच हेरून ठेवलंयस, मला माहितीये, ठेव खाली. पिवळं घे, त्यात आमच्या झाडाच्या हापूसचा आटवलेला रस आहे. हिरवी बाटलीतल्या रंगाची आहेत, तीपण बरी लागतात. आणि ही राखाडी, ओल्या मातीच्या रंगाची आहेत ना, ती माझी. ती खरं तर लालच व्हायची होती. हसा, सगळे हसतात. पण आता सांगते ते नीट ऐका, कारण फोन वाजला तर मी अर्ध्यावर टाकून पळणार आहे.

तर आमचं घर बांद्यापासून आत, काजूची बाग, चार आंबे. दिवाळीनंतर अंगणात माटव घालतात, माटव म्हणजे मांडव, सुपारीच्या खांबांवर माडाची झावळं टाकून केलेला. सगळा उन्हाळा आम्ही त्याच्या सावलीत जेवतो, झोपतो, भांडतो. मे संपत आला की पाऊस यायच्या आत तो काढायचा, आणि तो दिवस म्हणजे आमच्या घरचा सण. सुट्टीला मुंबईचे काका, आत्या, त्यांची पोरं असतातच. माटव निघाला की अंगण एकदम केवढं मोठं दिसतं, तिथेच पंगत बसते आणि पोरांना रंगीत बिस्किटं मिळतात. त्या दिवशी कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून बिस्किटं आधीच्या आठवड्यात करून डब्यात भरायची आणि डबा कपाटावर लपवायचा.

भाजायची मात्र घरी नाही. बांद्याला लुईसमामाची बेकरी आहे. सकाळचे पाव निघाले की भट्टी जरा निवते, त्या वेळात गावातल्या बायका आपापले ट्रे घेऊन येतात. मे महिन्यात ही गर्दी, आणि सगळ्यांच्या बिस्किटांचे आकार सारखेच, मग कोणाची कुठली कशी कळणार? म्हणून प्रत्येक घराची खूण असते. कोणी बाटलीचं बूच दाबतं, कोणी काटा ओढतं, मास्तरीणबाई बांगडीची कड उमटवतात. आमची खूण म्हणजे काजूच्या गोडाऊनच्या कुलपाची चावी. तिच्या डोक्यावर एक छोटा हत्ती आहे. कच्च्या बिस्किटावर दाबला की हत्ती उमटतो. मुंबईची पोरं त्यांना हत्तीची बिस्किटंच म्हणतात. फक्त चावी रोज वापरून वापरून हत्तीची सोंड झिजून गेलीये. बघा ना या राखाडीवर, हत्ती आहे की बटाटा कळत नाही.

बिस्किटं ताईची. म्हणजे विनीताताई, माझी मोठी बहीण. तूप फेटायची तर परातीत असं हलकं करायची की बोट बुडवलं तरी कळू नये. लाल रंगासाठी ती रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घ्यायची, त्याच्या साली साखरेत आटवायची, आणि तिचं लाल लालच राहायचं. माझं दर वेळी असं होतं. काय घालायची, काय घालायची नाही, मी कधी बघितलंच नाही, मी आपली परात चाटत बसायची.

ट्रे घेऊन बेकरीत जायची तीच. तिथे लुईसमामाचा भाचा ब्रॅंडन मे महिन्यात मदतीला यायचा, रेडीहून. पुढचं तुम्हाला कळलंच. जातधर्माचं होतं, खोटं कशाला बोलू, पण बाबांना त्याहून जास्त लागलं ते हे, की तिने आधी सांगितलं नाही, रजिस्टर करून मग सांगितलं. बाबा म्हणाले, गेलीस तशी ऱ्हव. ती म्हणाली, तुम्ही स्वतः बोलवाल तेव्हाच येईन. दोघंही एकाच मातीचे. ती रेडीला गेली, सासूबाई फ्रान्सिस्काबाईंकडे, आणि आमच्याकडे तिचं नाव घ्यायचं बंद झालं. बेकरीही बंद. बाबा पाव दुसरीकडून आणायला लागले, ते रबरासारखे असतात, पण कोण बोलणार.

मी फोन करायचे, उचलायची नाही. मेसेज केला तर बघायची, उत्तर नाही. पण माझं स्टेटस, ते मात्र ती बघते. मी काहीही टाकू दे, मांजर टाकू, हॉस्टेलची करपलेली पोळी टाकू, बघणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव वरतीच. तुम्ही मला म्हणता ना, तन्वी, किती फालतू स्टेटस टाकतेस. ती सगळी एकाच माणसासाठी असतात. तिने बघितलं की मला वाटायचं, चला, आज भेट झाली.

तर दोन वर्षं मी घरीच कुकरमध्ये बिस्किटं भाजली. खाली करपलेली, वर कच्ची, आणि लाल राखाडी. स्टेटस टाकलं, तिने बघितलं. मला वाटलेलं, एवढी वाईट बिस्किटं बघून तरी ती भांडायला येईल. नाही आली.

या वर्षी मुंबईहून सगळेच येणार होते. आई म्हणाली, कुकरात किती घाणे काढशील, जा लुईसकडे, तुझ्या बापसाक काय सांगा नको. मी गेले. लुईसमामाने मला बघितलं, ट्रेकडे बघितलं, आणि ट्रे नि रिकामा डबा दोन्ही ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी डबा आणायला गेले, घरी येऊन उघडला, तर राखाडीच्या वर मूठभर लाल. माझी नाहीत. रातांब्याच्या सालीसारखी लाल. वर हत्ती. आणि हत्तीला सोंड.

मला आधी वाटलं डोळे फिरले. मग आठवलं. कुलपाबरोबर दोन चाव्या आल्या होत्या. एक खिळ्याला, रोजची. दुसरी ताईकडे असायची, कारण काजूचा माल आला की गोडाऊन तीच उघडायची. जाताना ती तिच्या पर्समध्येच गेली. ती चावी वापरलीच जात नाही, मग तिची सोंड कशी झिजेल?

मी तशीच गाडी काढून परत बांद्याला. लुईसमामा पिठाच्या हातांनी उभा. म्हणाला, "मे महिन्यात ट्रे एकमेकांत जातत गो, माका काय इचारतंस." मी हललेच नाही. मग हात पुसत म्हणाला, "काल तुझी बहीण इल्ली, फ्रान्सिस्काच्या घरचो ट्रे घेवन. त्यांच्या खुरसाचा फेस्त आसा ना. तुमचो ट्रे बघून हसली, हेंका मातयेचो रंग कोणी दिलो म्हणान. मगे थयच उभी रवली. जाताना आपली थोडी तुमच्या डब्यात घातल्यान."

मी विचारलं, रडली काय. तर म्हणाला, "भट्टीपुढे सगळ्यांच्याच डोळ्यांक पाणी येता."

म्हणजे बघा ना. ती रेडीला, सासरच्या घरात, सासरच्या फेस्ताची, म्हणजे क्रुसाच्या सणाची, बिस्किटं करते आणि त्यावर खूण दाबते आमच्या गोडाऊनची. तिकडे त्यांची काहीतरी खूण असेलच की. आणि काही तासांनी चुकली आमची भेट. आदल्या दिवशी ट्रे देऊन मी तिथेच थांबले असते तर ती तिथे भट्टीपुढे उभी असती, पाठमोरी, आणि मी मागून तिची वेणी ओढली असती. गाडी चालवताना हेच डोक्यात, घाटी उतरताना मी दोनदा ब्रेक विसरले.

घरी आईने बिस्कीट हातात घेतलं आणि पदराच्या टोकात बांधून ठेवलं, खाल्लं नाही. बाबांना काय सांगायचं ते तिलाही सुचेना. मग मीच संध्याकाळी चहाच्या बशीत दोन ठेवली, एक राखाडी, एक लाल, आणि माटवाखाली नेऊन दिली. बाबा खाटल्यावर बसले होते. त्यांनी राखाडी खाल्लं, तोंड वाकडं केलं. लाल उचललं आणि थांबले. अंगठा फिरवला वरून. हळूहळू, जसे ते काजूची बी बघतात, भरलेली की पोकळ. मला म्हणाले, "ह्या खंयसून इला?" मी म्हटलं, लुईसमामाच्या बेकरीतसून. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी ते बिस्कीट शर्टाच्या खिशात ठेवलं, चहा प्यायले आणि गोठ्याकडे गेले.

आता एक सांगायचं राहिलं. आई दोन वर्षं बाबांच्या मागे लागली होती, कुलूप बदला, एक चावी बाहेर आहे, आत माल असतो. बाबांचं एकच, कुलूप बरा आसा. मला वाटायचं, बाबांना नव्या कुलपाचा खर्च नकोय. त्या दिवशी ते गोठ्याकडे जाताना वाटेत गोडाऊनच्या दारापाशी थांबले आणि कुलूप नुसतं हातात धरून बघितलं. तेव्हा मला कळलं. कुलूप बदललं असतं तर तिची चावी कुठेच लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते तर मागून आवाज, "तिका सांग, माटव काढूचो आसा. गोडावनाची चावी होई माका." तिका. दोन वर्षांनी. नाव नाही घेतलं, पण तिका म्हणाले. गोडाऊनमध्ये तेव्हा रिकामी पोती होती आणि आमची चावी समोर खिळ्याला लटकत होती. मी ब्रश तोंडातच ठेवून मेसेज केला, बाबा चावी मागतायत. मेसेजच्या दोन्ही टिका निळ्या झाल्या, म्हणजे तिने वाचला. दिवसभर काही नाही. आणि संध्याकाळी, दोन वर्षांत पहिल्यांदा, उत्तर आलं.

"कुरिअर करू?"

मी एवढी चिडले, एवढी चिडले, की फोन गवतात फेकला आणि मग शोधत बसले. आई म्हणाली, अगदी बापूस. मी बाबांना सांगितलं. ते सुंभ वळत होते, वरही बघितलं नाही. म्हणाले, "नको म्हणान सांग. कुरिअरवालो हरवतलो. हातात होई."

ते मी तसंच्या तसं टाईप केलं, एक अक्षर बदललं नाही. टिका निळ्या. उत्तर नाही.

माटवाच्या दिवशी मी सकाळपासून बेड्याशी, म्हणजे आमच्या फाटकाशी. मुंबईची सगळी आली, पोरांनी डबा शोधून काढला, एका भावाने एक लाल बिस्कीट न बघता चावून टाकलं, त्याला मी काय बोलले ते इथे नको. झावळं उतरली, खांब निघाले, अंगण मोठं होत गेलं. बाबा आपले बेड्याच्या बाजूच्या कोपऱ्यात एकाच दोरीशी खटपट करत होते. काका म्हणाले, सत्यवान, ह्यो कोपरो कित्याक ठेवलंस? बाबा म्हणाले, "दोरी सुटना नाय." हातात कोयता होता त्यांच्या. सगळ्यांनी बघितलं, आणि सगळे जेवायला बसले.

ती नाही आली. बाबांनी शेजारी एक पान वाढायला सांगितलं होतं, कोणासाठी ते कोणी विचारलं नाही, शेवटी ते गाईला घातलं. पोरं हत्तीची बिस्किटं मोजून भांडत होती आणि मी त्या मोकळ्या अंगणात बसून स्टेटस टाकलं, फक्त तो उरलेला कोपरा, दोन खांब आणि वर चार झावळं. तिने बघितलं.

मग मी इकडे कोल्हापूरला आले. आईला रोज विचारते, कोपरा आहे का. आहे म्हणते. पाऊस लागला, झावळं कुजायला आली, लोक हसतात, तरी बाबा रोज सकाळी दोरी बघतात आणि सोडत नाहीत.

आणि आज दुपारी, तुम्ही मेसमध्ये होतात तेव्हा, ताईने स्टेटस टाकलं. ती कधी टाकत नाही. हे बघा. तळहात आणि तळहातावर चावी. काही लिहिलेलं नाही. पण मागे बघा, मोठं करून बघा, हे निळं दार दिसतंय ना अर्धं, पिठाचे हात लागून पांढरं झालेलं? ते लुईसमामाच्या बेकरीचं आहे. तिथून आमचं घर गाडीवर कितीसं.

तेव्हापासून मी आईला फोन लावतेय, उचलत नाहीये. बाबांचा बागेत कधी लागतच नाही. आई फोन चार्जिंगला लावून विसरली असेल. किंवा ताई बेकरीपर्यंत येऊन परत फिरली असेल, तिचं काही सांगता येत नाही. किंवा आईचे हात पिठाने भरलेत आणि शेजारी कोणीतरी तूप फेटतंय.

सलोनी, ते लाल दे इकडे. नाही, खात नाहीये. जरा अंगठा फिरव त्याच्यावर. लागते ना सोंड? थांबा, परत लावून बघते.