शुक्रवारची यादी

जानकी परबने फळ्यावर शेवटचं नाव लिहिलं, मार्करला टोपण लावलं आणि दोन पावलं मागे सरून यादी न्याहाळली.

"वाचा आता," चेतना म्हणाली. "आणि माझ्याकडे तोंड करून हां, ताई. फळ्याशी बोलू नका."

चेतनाच्या दोन्ही कानांत यंत्रं होती आणि भीडभाड तिला ठाऊक नव्हती. मालाडच्या या विमा कंपनीतल्या अपंग कर्मचाऱ्यांचा 'सक्षम' गट ती चालवायची, बायकांचा 'सखी' गट जानकी. दोघींनी एकाच शुक्रवारी एकच हॉल मागितला होता. तीन आठवडे ईमेलांतून अतिशय सभ्य भांडण चाललं. शेवटी एचआरच्या सौरभने हात जोडले. "दोघींना सगळ्यांना सामावूनच घ्यायचंय ना? मग आधी एकमेकींना घ्या ना यार!"

मग जानकीनेच सुचवलं, भाषणं नकोत, एकत्र डबा करू. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. 'सक्षम'ची अट एवढीच, की फळ्यावर जे लिहिलं जाईल ते मोठ्याने वाचायचं. कारण त्या गटात धोंडिराम खरात होते. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं आणि ते या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. शुक्रवारचं जेवण म्हणजे त्यांचा निरोपच.

डब्याची कल्पना आली होती घाटकोपरच्या जुन्या ऑफिसातून. भांड्यांच्या दुकानावरचा पहिला मजला, दोन टेबलं जोडून केलेलं एक टेबल, नऊ माणसं. दर शुक्रवारी एकाने सगळ्यांसाठी काहीतरी आणायचं. सोनूबाईंच्या घावन्यांचा वास जिन्यात यायचा. टेलिफोन ऑपरेटर धोंडिराम मधल्या खुर्चीत, जानकी त्यांच्या शेजारी, त्यांचं ताट वाढायला. नव्या पोरींना हे सांगताना जानकीचा आवाज हमखास ओला व्हायचा. "तेव्हा गटबिट काही नव्हतं गं. पण टेबल एक होतं."

तिने यादी वाचली. नितेश पुलाव, मानसी ढोकळा, चेतना दहीवडे... तेवीस नावं.

"आणि खरातकाका?" चेतनाने विचारलं.

"ते काय आणणार! ते पाहुणे आपले. त्यांनी नुसतं यायचं नि जेवायचं."

अगदी मायेने म्हणाली ती. धोंडिराम हसले. "चालेल की. तिकडेही असंच होतं."

मीटिंग संपली. लिफ्टकडे जाताना त्यांनी सवयीने जानकीच्या कोपराला हात लावला.

"परबबाई, घाटकोपरला यादी कुठे लावायचात?"

"कपाटाच्या दारावर. का हो?"

"तोच तो. पंख्याने फडफडायचा तो कागद."

जानकीने लिफ्टचं बटण दाबलं. ते आधीच पेटलेलं होतं, तरी पुन्हा दाबलं.

"एक काम होतं तुमच्याकडे," धोंडिराम म्हणाले. "शुक्रवारी बायकोपण येणारेय, शकु. येताना शेंगदाण्याची चटणी आणेल. तुम्हा सगळ्यांना आवडते म्हणून."

"आम्हाला?"

"मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच शुक्रवारी तिने दिली होती, टेबलासाठी. मी पिशवीत ठेवून वाट बघत बसलो, कोण विचारतंय. कुणी विचारलं नाही. संध्याकाळी ती खालच्या दुकानातल्या दादूला देऊन टाकली आणि घरी सांगितलं, संपली. मग काय, दर शुक्रवारी द्यायला लागली."

"अहो, मग काढायची की बाहेर! आम्ही काय नको म्हटलं असतं?"



"ते माहीत नव्हतं ना," ते म्हणाले. "म्हणून नाही काढली."

"किती दिवस चाललं हे?"

"ऑफिस इकडे हलेपर्यंत. अकरा वर्षं." मग घाईने म्हणाले, "ती विचारेल. छान असायची म्हणा, बस्स."

लिफ्ट आली, उघडली, रिकामीच खाली गेली. 'त्यांचं नाव यादीत नको, त्यांना कशाला त्रास,' असं तेव्हा सगळ्याच म्हणायच्या. जानकीने तर पुढाकार घेऊन म्हटलं होतं. प्रत्येकीच्या मनात फक्त तेवढंच होतं का, हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

शुक्रवारी हॉलमध्ये टेबलं जोडली गेली. शकु मुलुंडहून आली होती, कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, हातात मोठा स्टीलचा डबा घेऊन. कुणी सांगायच्या आत तिने तो पुलावाशेजारी ठेवला आणि झाकण काढलं. लसणाचा खमंग वास सुटला. धोंडिराम टेबलाशी ताठ बसून होते.

"तुम्ही परबबाई ना?" शकुने तिच्या ताटात चमचाभर चटणी वाढली. "बघा बरं, तेव्हासारखी झालीय का?"

जानकीने चटणी जिभेवर ठेवली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. बरं झालं, तिखटही चांगलंच होतं.

"अगदी तश्शीच," ती म्हणाली. एवढ्यावर थांबायचं ठरलं होतं. पण शकु अजून तिच्याकडे बघत होती. "अहो, घाटकोपरची आमची नंदा तर डबा बोटाने पुसून खायची!"

शकुचा चमचा हवेतच राहिला.

"नंदाबाई? त्यांना तर तिखट सोसायचं नाही ना? त्यांच्यासाठी गुळाचा खडा लागायचा बाजूला. डबा पुसायच्या त्या सोनूबाई. आणि तुम्ही थोडी पुडीत बांधून न्यायचात, जान्हवीसाठी. ती वरणभात खायची नाही ना चटणीशिवाय."

जान्हवी जानकीची मुलगी. तेव्हा चार वर्षांची होती आणि खरंच, वरणभात खायला रडवायची. नंदाला तिखट सोसायचं नाही, हेही खरं.

धोंडिरामांचा घास ताटातच थांबला होता. त्यांनी चेहरा जानकीच्या दिशेने वळवला.

"हो हो, सोनूबाईच," जानकी म्हणाली. "माझंच चुकलं. किती वर्षं झाली!"

तिने आपलं ताट उचललं आणि शकुच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"अजून काय काय करायचो हो आम्ही?" तिने विचारलं.

"एक का आहे!" शकु म्हणाली, आणि अगदी पहिल्या शुक्रवारपासून सांगू लागली.