काळी चारवरचा काटा

तांदळाचा दाणा. एकच. कुंकवात भिजून सुकलेला, लालभडक, एका टोकाला किंचित मोडलेला… कडूबानं तो चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला तेव्हा बद्रीनाथला उगाचच वाटलं की डॉक्टरनं आपल्याच पोटातून काहीतरी काढलंय आणि आता तो ते नातेवाइकांना दाखवणार; म्हणून त्यानं नजर उचलून समोरच्या फळीवर ठेवली, जिथं पोट उघडं पडलेले दोन रेडिओ, एक मुका ॲम्प्लिफायर आणि लग्नाच्या बँडवाल्यांचा कीबोर्ड आपापल्या चिठ्ठ्या गळ्यात अडकवून दवाखान्यातल्यासारखे बसले होते.

"दरसालचंच हाय काका हे," कडूबा म्हणाला. "खंडेनवमी झाली की तुमचा डबा दुकानात हजर. आहो, पूजा करा, नाय कोण म्हणतंय? पण लांबून हात जोडा ना. अक्षता, हळद, कुंकू, वर पळीभर पाणी… मशीन हाय का महादेव?"

"पखवाजाला चालतं, पेटीला चालतं. ह्यालाच काय नखरे?"

"पखवाजाच्या पोटात वायरी नसतेत, काका."

बद्रीनाथ हसला नाही. एरवी त्यानं या वाक्यावर एक गोष्ट ठेवून दिली असती—पखवाजाच्या पोटात नांदणाऱ्या नागाची, तो समेवर फणा कसा काढायचा त्याची—पण परवा पिशोरला सप्ताहाचा शेवटचा दिवस होता, काल्याच्या कीर्तनात त्याला गायनाला उभं राहायचं होतं, नव्हे, बसायचं होतं, गुडघ्यामुळे त्याच्यासाठी खुर्ची टाकणार होते. आणि आज पहाटे हा डबा, हा इलेक्ट्रॉनिक तंबोरा, 'सा' म्हणता म्हणता तोतरा झाला, खरखरला आणि गप्प बसला. दरवर्षी तो बिघडला की त्याची बायको द्वारकाबाई पिशवीत घालून पैठण गेटला आणायची, संध्याकाळी नीट करून परत न्यायची. यंदा ती जालन्याला, लेकीच्या बाळंतपणाला. म्हणून नऊ वर्षांत पहिल्यांदा बद्रीनाथ स्वतः पुंडलिकनगरहून रिक्षा करून आला होता. डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी, देव्हारा नेतात तसा.

"दोन रस्ते हायेत," कडूबा म्हणाला. "ह्या बटनाच्या आतली पत्ती झिजली. वरिजनल आता भेटत नाय, दुसरी बसवून देतो. चालंल, पण हमी नाय. नाय तर हा नवा घ्या. ह्याच्यात सूर आकड्यात दिसतो. काळी चार म्हणलं की काळी चारच. एक केसभर इकडं नाय की तिकडं नाय."

मधल्या बटनाचा पांढरा काटा काळी चारवर होता. नऊ वर्षं तिथंच होता. बटनाभोवती हळदीचं एक पिवळं कडं धरलं होतं. ते मोडायचं नाही म्हणून बटन कोणी फिरवत नसे, आणि फिरवायचं कारणही नव्हतं. गावाकडच्या भजनात माणसाची उंची पेटीच्या पट्टीवर मोजतात, पट्टी जितकी चढी तितका माणूस मोठा. कोणी पांढरी पाचवाला, कोणी काळी तीनवाला, आणि बद्रीनाथ सांडूचा म्हणजे काळी चार. पासष्टी उलटली तरी काळी चार. बाकीचं त्याचं सगळं थोडंफार फुगवलेलं… म्हणजे, पेट्रोमॅक्सची काच. ती एकच तडकली होती, आणि तीही बहुतेक वाऱ्यानं. पण त्याच वेळी मी वरचा सा लावला होता हे तर खरं ना? मग सांगता सांगता दोन काचा तडकल्या, नंतर पाच, आणि गेल्या वर्षी कॉलनीतल्या कट्ट्यावर सांगताना गौताळ्याच्या जंगलातून एक बिबट्या खाली आला, मांडवाच्या कडेला बसून त्यानं अभंग ऐकला, काल्याचा प्रसाद घेतला आणि कोणाला न शिवता निघून गेला. लोक म्हणाले, व्हय व्हय, बद्रीअण्णा. लोकांना ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं की लोकांना ठाऊक आहे. पण भिंतीत एक खिळा पक्का असला की त्यावर कितीही टोप्या टांगता येतात, आणि तो खिळा काळी चार होता. तो खोटा नव्हता. रोज पहाटे साडेपाचला तो डब्यातून वाजत होता आणि बद्रीनाथ त्यात गात होता, वरच्या सा-पर्यंत, न चिरकता.

पिशोरहून कारभारीचा फोन आला तेव्हाही बद्रीनाथ हेच म्हणाला होता. कारभारी तिथल्या देवळात पेटी वाजवतो. ती पेटी बद्रीनाथचीच, डबा घेतला तेव्हा त्यानं देवळाला देऊन टाकली होती, आणि तेव्हापासून तो कोणाच्याच पेटीवर गायला नव्हता. "कोणती पट्टी धरू रं आता?" कारभारीनं विचारलं होतं, आवाजात मिठाची चिमूट होती. "काळी दोन? का थेट पांढरी एक?" आणि बद्रीनाथ फोनवर ओरडला होता, "काळी चार! एक पट्टी खाली धरली तर टाळ तिथंच खाली ठेवीन आन् जन्मात उचलणार नाय, सांग समद्या गावाला!" कारभारीनं सांगितलं होतं. फलकावर लिहिलं होतं म्हणे.

"तर मग दुरुस्तच कर," बद्रीनाथ कडूबाला म्हणाला. "नवं नको. ह्याची सवय हाय."

"करतो. फकस्त एक सांगा," कडूबानं झाकण बाजूला ठेवलं आणि बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला, "काकूंनी यंदा काय निरोप दिलाय? आणखी अर्धा उतरवू, का राहू द्यू तसाच?"

"काय उतरवू?"

स्क्रूड्रायव्हर हवेत थांबला. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, कोणी कोणाच्या आजोबाला काहीतरी म्हणत होता, आणि त्या गलक्यात कडूबाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन उतरून गेलं—बद्रीनाथनं ते पाहिलं, थापाड्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडावरचं खरं फार लवकर दिसतं.

"काय नाय काका. स्पीड. लय म्हणत होतो मी."

"कडूबा. आयुष्य गेलं माझं थापा मारण्यात. माझ्यापुढं नको मारू. लई कच्ची मारतोस."

कडूबानं चिमट्याचं टोक आत कुठंतरी टेकवलं तसा डबा जागा झाला आणि बोलू लागला… प, सा, सा, सा… आणि मग त्यानं दुसरा हात लांब करून बँडवाल्यांच्या कीबोर्डची काळी चार दाबली.

दोन आवाज. एकाच आडनावाचे, एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ समोरासमोर यावेत तसे.

कडूबाचं बोट खाली उतरत गेलं. पांढरी पाच. नाही. काळी तीन. नाही. पांढरी चार—आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. दुकान क्षणभर भरल्यासारखं झालं, आणि बद्रीनाथला बसल्या स्टुलावर खाली, खाली गेल्यासारखं वाटलं. तीन पट्ट्या.

"पहिल्या साली म्हणल्या, थोडं उतरव, पण काटा तिथंच राहू दे," कडूबा डब्याकडे बघत म्हणाला. "मी म्हणलं, काकू, कशापायी? तर म्हणल्या, त्यांना त्रास होतो. मग दोन-तीन सालांनी आणखी जरा. असं. मला वाटलं तुम्हाला ठावं असंल. तुमचंच सांगणं असंल. कसम से, काका."

पहिल्या साली. म्हणजे ती पहाट… ती त्यानं कोणालाच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा वेगळीच करून सांगितली होती. चिकलठाण्याच्या कंपनीत तेव्हा दिवसपाळी होती, निघायच्या आधी तासभर गायचं. वरच्या सा-वर गेला आणि आवाज मधोमध फाटला, जुनं धोतर फाटतं तसा, नुसता चर्र. पुन्हा गेला. पुन्हा चर्र. तिसऱ्यांदा गेलाच नाही. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता हे त्याला आत्ता, नऊ वर्षांनी, या स्टुलावर आठवलं. तो म्हणाला होता, तुझ्या फोडणीचा ठसका गेला घशात. ती म्हणाली होती, व्हय, मिरची जास्तच झाली. त्या पहाटे फोडणी नव्हतीच. चूलच पेटली नव्हती. पुढे दोन दिवस तो जेवला नाही, डबा कपाटावर टाकला, आणि खंडेनवमीला तिनंच तो खाली काढून पूजेत मांडला, भरपूर कुंकू घातलं, पाणी जरा जास्तच झालं तिच्या हातून…

जरा जास्तच.

मी किती वेळा रागावलो तिच्यावर. वाद्याचा नाश करतेस म्हणून. हात आवर म्हणून. आणि ती मान खाली घालून म्हणायची, यंदा ध्यानात राहिलं नाय बघा, आणते नीट करून. मल्हारी पखवाजीची पोर ती. बापाच्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक सातव्या वर्षापासून मळायची, चिमूटभर कणीक कमी केली की सूर कुठं जातो, जास्त लावली की कुठं, हे तिच्या बोटांना कळायचं. तिला तीन पट्ट्या कळत नाहीत असं मी कसं धरून चाललो? ती भाकरी थापत असते आणि मी गात असतो, इतकंच मी नऊ वर्षं बघत आलो. ती ऐकत असते हे…

त्याला राग आला. तो यावा असं त्याला वाटतच होतं. राग हाताशी असला की बसायला बरं पडतं. मला न विचारता? माझा सूर, माझा गळा—आणि ही पिशवीत घालून बाजारात आणते, एका रेडिओवाल्याशी ठरवते की नवरा किती उतरलाय! पण राग नीट उभा राहीना, कारण त्याच्या पाठोपाठ एक नसतंच कौतुक चोरपावलानं आत आलं. नऊ वर्षं. एकही धागा सुटू न देता. माझा बिबट्या तर दोन सांगण्यांत लंगडा पडला होता. घरात दोन थापाडे होते, आणि त्यातला मोठा मी नव्हतो.

"बोला काका," कडूबा हळूच म्हणाला. "पाचला मला लग्नाचे कर्णे बांधायला जायचंय. काय करू?"

नवा घेतला तर त्यात आकडे. सोमवारी ती जालन्याहून येईल, खुंटीला पिशवी अडकवेल, देव्हाऱ्याशेजारचा नवा डबा बघेल आणि काही विचारणार नाही. तिथंच तिला कळेल की मला कळलं. जुन्याचा स्क्रू फिरवून खरी काळी चार करून घेतली तर मंगळवारी पहाटे माझा गळा फाटेल आणि भांडी थांबतील. आणि स्क्रूला हात न लावता आहे तसाच नेला, तर मी पांढरी चारमध्ये गाणार, काट्याकडे बघून काळी चार म्हणणार, आणि ती पलीकडे समजणार की याला ठाऊक नाही… पाचशे माणसांच्या मांडवात बिबट्या बसवणाऱ्या बद्रीनाथला एका भिंतीपलीकडच्या एका बाईपुढं हे जमेल का याची खात्री वाटेना. तिला ऐकू येतं. ठाऊक असलेल्या माणसाचा सा आणि ठाऊक नसलेल्या माणसाचा सा, यातला फरक तिला ऐकू येईल.

आणि परवा. परवा तर डबाच नाही. खुर्ची, फलक, आणि कारभारीची बोटं. तो काळी चार धरून हसत बघेल. गेलो नाही तर गुडघा म्हणता येईल—गुडघ्याची एक गोष्ट रचायला किती वेळ लागतो? त्यानं मनातल्या मनात सुरुवात केली… मी जिना उतरत होतो, तेवढ्यात… पुढे काही आलं नाही. गोष्टीतल्या जिन्यावर तो तसाच उभा राहिला. असं कधी झालं नव्हतं. टाळ खाली ठेवीन, असं म्हणालो होतो. खुर्चीत बसून कारभारीला म्हणायचं, पांढरी चार दे? सगळ्या गावादेखत, तीन शब्द?

"काका?"

"थांब जरा."

कडूबानं चिमटा काढला. डबा गप्प झाला. बाहेरचं भांडणही केव्हाच मिटलं होतं, आता नुसती वाहनं जात होती. आणि बद्रीनाथनं, काय करतोय हे पुरतं कळायच्या आत, तोंड मिटून एक सूर धरला. कशाच्याही आधाराशिवाय. घशात जिथं तो सापडला तिथंच; जाड, थोडा खरबरीत, कडेला जरा थरथरणारा आणि मग हळूहळू थरथर टाकून देणारा. तार सप्तकातला नव्हता तो. फलकावर लिहिण्यासारखा तर नव्हताच.

कडूबाची मान किंचित कलली. सवयीनं त्याचा हात कीबोर्डकडे गेला आणि बोट पट्ट्यांवरून सरकू लागलं, न दाबता, शोधत. पांढरी, काळी, पुन्हा पांढरी. बद्रीनाथला ते बोट दिसत होतं. थांब, दाबू नको, असं म्हणायला हवं होतं. पण तसं म्हणायचं तर सूर सोडावा लागला असता, आणि तो सुटावा असं त्याला वाटेना. कारण आत्ता बद्रीनाथ तो सूर पिशोरच्या पाचशे माणसांच्या कानांनी ऐकत नव्हता. भिंतीपलीकडून ऐकत होता, पीठ लागलेले हात तसेच धरून, आणि तिथून—त्याला स्वतःलाच नवल वाटलं—तिथून तो उतरलेला वाटत नव्हता.

बोट एका पट्टीवर येऊन थांबलं. कडूबानं वर पाहिलं. विचारावं तसं.

श्वास संपत आला होता. बद्रीनाथनं मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नको म्हणूनही नाही… आणि मी तो सूर धरूनच राहिलो.