पुढची सीट

चढण लागली तसा त्याने गिअर पाडला आणि मागे न वळताच ओरडला,

"धर नीट! आता बघ ड्रायव्हरचा दम."

"धरलंय," मागून बायको म्हणाली.

सायकल दोघांनी मिळून चालवायची होती. दोन सीट, आणि पेडलं एकमेकांना अशी जोडलेली की एकाने मारली की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरत. हँडल आणि ब्रेक मात्र पुढेच. भाड्याने घेताना ती न विचारताच मागे बसली होती. उभा जन्म बस चालवलेला माणूस मागे बसणार होता थोडाच! "चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये," असंही त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

हृदयाच्या ऑपरेशननंतर तो घरी होता. रस्त्यावरून बस गेली की जेवता जेवता त्याचा पाय क्लच शोधायचा. कामावर परत जायचं की नाही, हे सोमवारी कळवायचं होतं. वाइनरीपर्यंतची ही चढण न थांबता चढलो तर जायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. ती "बघू" म्हणाली होती. ती कपडे शिवायची. तिचं "बघू" म्हणजे "नाही", हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं.

दोन्ही बाजूंनी द्राक्षांच्या रांगा वर वर चालल्या होत्या. निम्म्या चढावर आला तरी छाती शांत. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. डोळ्यात उतरलेला घाम पुसायला त्याने एक हात सोडला, पाय ढिले पडले, आणि पेडलं फिरतच राहिली.

त्याने मुद्दाम पाय सैल सोडले. वेग तसूभरही कमी झाला नाही. मागून श्वास येत होता, एका लयीत, दिवसचे दिवस पायाने शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईचा. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली. त्याने स्वतः जोर लावून पाहिला. थोड्याच वेळात धाप लागली, तेव्हा त्याने मुकाट्याने पाय पुन्हा सैल सोडले.

वाइनरीच्या फाटकापाशी दोघं उतरली.

"चढलात की हो! मला तर काही करावंच लागलं नाही." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. खोटं बोलताना ती बाहीवरचा नसलेला दोरा काढायची. आताही काढला.

त्याने पिशवीतून पाना काढला आणि पुढची सीट खाली करायला घेतली.

"अहो, हे काय?"

"तुझ्या उंचीला करतोय. आता तू पुढे."

तिने सायकल हलू नये म्हणून हँडल धरलं.

"आणि सोमवार?"

"नाही म्हणून कळवू." त्याने पाना फिरवला. "मी घरी बसलेला हवा होतो ना तुला? मग कशाला रेटलंस एवढं?"

"घरीच हवे होतात. पण हरून नको होतात."

त्याने सीट दोनदा हलवून पाहिली. घट्ट बसली होती.

पुढचा रस्ता सपाट होता. हँडल जरा डगमगलं, मग सरळ झालं. खाली दूरवर मळे पसरले होते.

"अगंबाई, इथून सगळं दिसतं की! इतके दिवस नुसती तुमची पाठ बघत होते."

"समोर खड्डा आहे, डावीकडून घे, हळू..."

"ड्रायव्हरशी बोलू नये," ती म्हणाली.

तो गप्प बसला, आणि जमेल तेवढी पेडलं मारू लागला.