चारच्या खुर्चीवर तिघं

धाकटीची सॉफ्टवेअर कंपनीतली मुलाखत लॅपटॉपवर होती, पण घरात लगीनघाई उडाली होती. शिट्टी नको म्हणून आईनं कुकर लावायचा नाही असं ठरवलं, ताईनं पार्लर दुपारपर्यंत बंद ठेवून आपला काळा कोट धाकटीच्या अंगावर चढवला. आजवर कंपन्यांनी अर्जावरच फुली मारली होती. बोलायला बोलावणारी ही पहिलीच.

"तू बनवलेल्या ताईच्या पार्लरच्या साइटचं नाव काढू नकोस हं," मामांनी बजावलं. "घरगुती वाटतं. मोठमोठे शब्द टाक." मामा स्वतः मुलाखतीत सपशेल आपटलेले, पण सल्ला द्यायला काय जातंय!

धाकटीनं मोठमोठे शब्द टाकले. पडद्यावरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आता तुम्ही बनवलेलं, लोक वापरताहेत असं काही दाखवा."

आली का पंचाईत! तसं एकच होतं. तिनं नाइलाजानं पार्लरची साइट उघडली. पार्लरमध्ये खुर्ची एक, आणि तिची वेळ इथून राखून ठेवायची.

"आज कुणीच नाही वाटतं?" बाईंनी विचारलं.

दाराला कान लावून बसलेल्या तिघांनी ते ऐकलं. पोरीची लाज राखायला तिघांनी झटकन फोन काढले. बाईंच्या डोळ्यांदेखत चारच्या खुर्चीवर तीन नावं पडली: आई, ताई आणि फेशियलसाठी मामा.

"एका खुर्चीवर तिघं?"

धाकटीनं तिन्ही नावं पुन्हा वाचली. चूक कुठंय हे तिला त्याच क्षणी दिसलं, आणि भीती कुठल्या कुठे पळाली. तिनं कोटाच्या बाह्या वर सारल्या.

"खुर्ची रिकामी आहे का ते साइट आधी बघते, नाव मागाहून लिहिते. मधल्या फटीतून तिघंही आत शिरले. चूक माझीच. आत्ता दुरुस्त करू?"

"करा की!"

बोटं भराभरा चालली. मोठे शब्द ती पार विसरली. काय करतेय, का करतेय, ते साधं सरळ सांगत गेली. मग जुनी नावं पुसून दाराकडे वळून ओरडली, "आई, ताई, मामा! पुन्हा दाबा, सगळे एकदम!"

या वेळी एकच नाव उमटलं. दाराआडून आई करवादली, "अगं, माझी वेळ गेली म्हणतंय हे!"

बाई खळखळून हसल्या. "आमच्याकडे कधीपासून येताय?"

"उद्यापासून!" धाकटी म्हणाली.

चार वाजता मामा तोंडभर क्रीम थापून ताईच्या खुर्चीत बसले होते. "मी तिला पहिल्यापासून सांगत होतो," ते डोळे मिटूनच म्हणाले, "ती साइट दाखव म्हणून."