अखंड काच

काचेची पट्टी दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब होती. भिंतीतला तडा तिच्या बरोबर मधून जात होता आणि दोन्ही टोकं सिमेंटने घट्ट बसवलेली होती. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. पण एका टोकाचं सिमेंट जास्त गडद वाटलं म्हणून तिने नखाने दाबून पाहिलं. नख आत रुतलं.

भिंतीमागे शहरातल्या घराघरांतला कचरा तीन मजले उंच साठला होता. पुढे उताराला, हाकेच्या अंतरावर कचरा केंद्राच्या कामगारांची घरं होती. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तुटावी आणि कळावं, एवढ्यासाठी तिने ती बसवली होती. ती नगरपरिषदेची अभियंता होती. केंद्राच्या ठेक्याला मुदतवाढ द्यायची की नाही, हे तिच्या शब्दावर अडलं होतं. मागच्या दोन्ही सभांत ती म्हणाली होती, "काच शाबूत आहे. अजून थोडं बघू."

"दादा, ही काच कोणी बदलली?"

"मीच की," तिचा थोरला भाऊ म्हणाला. तो केंद्राचा मुकादम होता. "रात्री तुटली होती, सकाळीच नवी बसवली. त्याआधीही दोनदा तुटली. तू कशाला काळजी करतेस? तुझ्याच मापाची कापून आणतो."

"मी म्हटलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"म्हणून तर दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही! सभापती पाहणीला येतात, चिमे. फुटकी काच दिसली तर म्हणतील, बहीण एवढी शिकलेली आणि भावाला एक काच सांभाळता येत नाही."

"दादा, ती तुटायलाच लावली होती."

"तुटायला कोण काच लावतं गं?" तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने तड्यात बोट घालून पाहिलं.

खाली दादाच्या घरापुढे वहिनी दोरीवर चादर झटकत होती. दारात वहिनीची म्हातारी आई खुर्चीवर बसली होती. तिला उचलल्याशिवाय हलवता येत नसे.

"आजच घर सोड," ती दादाला म्हणाली. "माझ्याकडे चला सगळे."

"तुझ्या दोन खोल्यांत?"

"हो."

"आणि शेजारच्यांना कुठे ठेवशील? माळ्यावर?" त्याचा आवाज चिरकला. "ठेका गेला की काम गेलं. काम गेलं की घर गेलं, ते केंद्राचंच आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दारात कोण उभं करतं? भिंतीला टेकू देऊ आपण. तू फक्त आजचा दिवस 'बघू' म्हण. चिमे, पाया पडतो."

थोरला भाऊ खरंच वाकायला लागला. तिने त्याचे दोन्ही दंड धरले.

दुपारच्या सभेला तो मागच्या बाकावर येऊन बसला. ठेकेदार म्हणाला, "भिंत मजबूत आहे. हवं तर गिलावा करून देतो."

"मॅडम, मुदतवाढ नाही दिली तर उद्याचा कचरा टाकायचा कुठे?" सभापतींनी विचारलं. "माझ्या अंगणात?"

"टाका की, मोठं आहे," कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली.

तिला हसू आलं नाही. शेजारच्या गावाने कचरा घ्यायला कालच नकार कळवला होता. दुसरी जागा नव्हती. दोन दिवसांत गल्ल्या कुजायला लागतील, आठवड्यात दवाखाने भरतील, हे ती जाणून होती. लोक तिच्याच नावाने बोटं मोडतील. दुसऱ्या बाजूला ती भिंत होती, आणि ती कधी कोसळेल हे कुठल्याच गणितातून निघत नव्हतं. ती कोसळणार, एवढंच निघत होतं.

"तज्ज्ञ तुम्ही आहात," सभापती म्हणाले. "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. आता 'बघू' चालणार नाही."

तिने मागे पाहिलं. दादा बाकाची कड धरून बसला होता. नजरानजर होताच त्याने अगदी हळू, नकारार्थी मान हलवली. लहानपणी आईसमोर तिने काही बोलू नये म्हणून तो अशीच हलवायचा.

ती उभी राहिली. टेबलावर दोन्ही हात टेकले.

"मुदतवाढ देऊ नका," ती म्हणाली. "भिंतीखालची घरं आज रिकामी करा. पहिलं माझ्या भावाचं."