तोन्काच्या वाटचा पाव

नोव्हेंबर लागला की यान्या कमरेला लोकरीचा पट्टा बांधायची, तो ईस्टर उलटल्यावरच सोडायची. किडन्या उबेत राहिल्या पाहिजेत, ही आईची शिकवण. गार दगडावर बसायचं नाही, ओल्या केसांनी दारात उभं राहायचं नाही. विहिरीचं पाणी तर तिने लग्न झाल्या वर्षीच बंद केलं होतं. टेकडीवरच्या गावातून सायकलला कॅन बांधून पाणी आणायची. मीठ चिमटीने. दारू बारशाला तेवढी, ओठ ओले करण्यापुरती.

एवढं सगळं का, ते गावात कुणाला सांगावं लागत नसे. सावा नदीकाठच्या त्या गावात किडनीची घरं होती. एका घरातली चार-चार माणसं किडन्या निकामी होऊन जायची आणि भिंतीपलीकडचा नव्वदीचा म्हातारा सफरचंदाच्या झाडावर चढायचा. यान्याचं माहेर किडनीचं घर. आजी गेली, आत्या गेली, आई एक्कावन्नाव्या वर्षी गेली. जाण्याआधी तळहात तांब्यासारखे पिवळट व्हायचे. यान्या आता सत्तेचाळीसची होती. रोज सकाळी परसातल्या खिडकीशी उभी राहून ती तळहात उजेडात धरायची.

आज मात्र तिला स्वतःची काळजी नव्हती. शहरातले डॉक्टर दरवर्षी अग्निशमन दलाच्या सभागृहात येत, बाटल्या गोळा करत, रक्त घेत, आणि दोन आठवड्यांनी निकाल सांगायला परत येत. यंदा पहिल्यांदाच तिची मुलगी मार्ता तपासली गेली होती. मार्ता बावीस वर्षांची. कडेवर सहा महिन्यांची लेक. मार्ता एकटीच असती तरी यान्याची झोप उडाली असती, आता तर ती दोघींसाठी उडाली होती.

धाकटी बहीण तोन्काही आली होती. ती सोळाव्या वर्षीच झाग्रेब शहरात पळालेली, कारखान्यात लागलेली. संतांच्या सणाला थडग्यांवर फुलं वाहायला आली तेव्हा तिनेही गमतीत एक बाटली भरून दिली होती. आता डुक्कर कापायच्या निमित्ताने परत आली होती आणि सभागृहाच्या पायरीवर बसून सिगारेट ओढत होती.

"उठ तिथून. गार आहे ते," यान्या म्हणाली.

"तुझा पट्टा दे की मग बुडाखाली! अगं, किती वर्षं बांधतेस? आतल्या किडन्या घामाघूम झाल्या असतील."

"थट्टा कर. आईची केलीस तशी माझीही कर."

"मावशी, नका ना चिडवू तिला," मार्ता म्हणाली. "सकाळपासून ती पाणीसुद्धा मोजून प्यायलीय."

यान्याचा नवरा मियो भिंतीला पाठ टेकवून उभा होता. "मी तर आज सकाळी मोजून दोनच घेतल्या," तो म्हणाला. कसल्या दोन, ते त्याच्या तोंडाच्या वासावरून कळत होतं.

आत डॉक्टर व्लास्ता बसल्या होत्या. तरुण, शिडशिडीत, आवाज हळू. कागद उघडण्याआधी त्यांनी यान्याला भलताच प्रश्न विचारला.

"लहानपणी तुमच्याकडे पाव कुठला असायचा?"

यान्याची मान ताठ झाली. "घरचा! आमच्या शेतातला गहू, गावच्या चक्कीवर दळलेला. दुकानचा पाव आईने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. लग्नानंतर मीही तसाच भाजायची."

डॉक्टरांनी मान हलवली, पण कौतुकाने नाही. त्यांनी फाइलमधून एक जाड कागद काढला. त्यावर वाळकी वेल चिकटवलेली होती. हृदयासारखी पानं, पिवळट नळीसारखं फूल.

"ही ओळखता?"

"लांडग्याचं सफरचंद," दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या.

"आम्ही जखमेवर पाला लावायचो हिचा," तोन्का म्हणाली. "शेताच्या बांधावर केवढी माजायची!"

"बांधावर आणि गव्हातही. हिच्या बिया गव्हाबरोबर कापल्या जायच्या, पोत्यात जायच्या, पिठात जायच्या. थोड्या थोड्या, वर्षानुवर्षं. पुरावे बघता आम्हाला आता वाटतंय, हा आजार तिथून आला."

यान्याला वाटलं, डॉक्टर दुसऱ्याच कुठल्या गावाबद्दल बोलतायत.

"म्हणजे पाणी नाही?"

"पाणी नाही."

"गारठा?"

डॉक्टरांची नजर तिच्या पट्ट्यावर गेली आणि लगेच परत आली. "गारठाही नाही."

"मग हा?" तिने मियोकडे बोट केलं. "ह्यानेही माझ्याच हातचा पाव खाल्ला. माझ्यापेक्षा दुप्पट. ह्याचं दरवर्षी स्वच्छ येतं!"

"खाल्लेल्या सगळ्यांना होत नाही. काहींनाच का, ते अजून नीट कळलेलं नाही."

मग त्यांनी कागद उघडले. तोन्काचं स्वच्छ. यान्याच्या लघवीत प्रथिनं दिसत होती, फार नाही, पण गेल्या वर्षीपेक्षा जास्त. शहरात येऊन पुढच्या तपासण्या कराव्या लागतील. ते यान्याने असं ऐकलं, जसं शेजारणीचं ऐकावं.

"आणि मार्ता?"

"यंदा काही नाही."

"यंदा म्हणजे?"

"हा आजार वीस-वीस वर्षं गप्प बसतो, यान्याबाई. दरवर्षी बघायचं. घरचा पाव तिने किती वर्षं खाल्ला?"

मियोने घसा खाकरला. "चार वर्षांची होती, तेव्हा मी गहू पेरणं सोडलं."

"का सोडलंत?"

"कंटाळा यायचा." तो टोपी चुरगाळत राहिला. "पेरा, कापा, मळा, चक्कीवर रांग लावा. दुकानात तयार मिळायला लागला होता."

त्या वेळी यान्या त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती. पोरीच्या पोटात कचरा घालतोस, म्हणाली होती. त्यानंतरची अठरा वर्षं हा माणूस गावात आळशी म्हणून ओळखला जायचा, आणि ती ओळख करून दिली होती बायकोने.

"म्हणजे मीच तिला वाचव..." मियोने सुरुवात केली, यान्याचा चेहरा पाहिला आणि टोपी डोक्यावर चढवली.

सगळे घरी आले. स्वयंपाकघरात मार्ताने सूप गरम केलं, पाव कापला. यान्या पट्टा सोडायला गेली आणि गाठ अर्धी सुटलेली तशीच धरून बसली. सोडावा तर इतकी वर्षं बांधला कशाला? बांधावा तर कशासाठी? राग आला तर तो कुणावर काढायचा, तेही कळेना. आईवर? आई तर पहाटे चारला उठून पीठ मळायची, पोरी धडधाकट व्हाव्यात म्हणून.

तोन्काने चमचा खाली ठेवला.

"मला घरच्या पावाची ती कड चावायची नाही. आठवतं? मी बदकांना टाकायची."

"आणि आई मारायची."

"मग तू खायला लागलीस. टेबलाखालून मी सरकवायची आणि तू आईने बघायच्या आत संपवायचीस. रोज, यान्या. मी पळून जाईपर्यंत."

"भूक असायची मला," यान्या म्हणाली.

"खोटं बोलू नकोस गं." तोन्काचा आवाज फाटला. "तुला कधीच एवढी भूक नसायची."

तिने हात लांब केला, यान्याच्या ताटलीतला पावाचा तुकडा उचलला आणि भराभरा चावायला लागली, डोळे पुसत, कडेसकट. दुकानचा पाव. त्याने काही होणार नव्हतं, काही परत येणार नव्हतं. यान्याला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. दात येत होते. मार्ताने सवयीने पावाची कडक कड मोडली आणि त्याच्या मुठीत द्यायला गेली.

"थांब!" यान्याने ती हिसकावून घेतली.

"आई, दुकानचा आहे."

"माहितीय मला."

तिने ती कड खिडकीशी, उजेडात धरली, जिथे रोज तळहात धरायची. या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. वास घेतला. पावाचाच वास होता. लहानपणीही पावाचाच वास यायचा.

मागे बाळ आणखी जोरात कुरकुरलं. यान्या कड हातात घेऊन उभीच होती, कमरेचा पट्टा अर्धा लोंबकळत होता, आणि मार्ता हात पुढे करून वाट बघत होती.

"देऊ ना, आई?"

"काय माहीत," यान्या म्हणाली, आणि दिली.