सुतारबुवांची पिशवी

बायको मन मोकळं करायला बसली, की सुतारबुवांना नेमकं काहीतरी डुगडुगताना दिसायचं आणि ते पिशवीतून हातोडी काढायचे. शेवटी वैतागून तिनेच त्यांना समुपदेशक बाईंकडे पिटाळलं. पहिल्या खेपेला बुवांनी बाईंची खुर्ची ठाकठीक केली, दुसऱ्या खेपेला दार. बाईही काही कमी नव्हत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीच काढून घेऊन जाईपर्यंत दाराबाहेर ठेवली.

"आता बोला."

रिकाम्या हातांचं काय करावं, ते बुवांना कळेना. ते पुटपुटले, "ती रडते ना, ते मला दुरुस्त करता येत नाही हो."

"करायला सांगितलंय कुणी?"

त्या संध्याकाळी बायको बोलायला लागली आणि टेबल डुगडुगलं. तिने मुकाट्याने पिशवी पुढे केली. बुवांनी ती पायानेच दूर सारली.

"डुगडुगू दे. तू बोल."